फोटो धुवावा, रंगवू नये
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला "या वेळी तू चार शब्द बोल" असे सांगितले तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. उखाणा घेण्यापलीकडे चार माणसांत मी कधी तोंड उघडलेले नाही. शिक्षण म्हणाल तर सातवी. पण त्या म्हणाल्या, "मंडळाचे फोटो तू काढतेस आणि घरी बसून ते नीटही करतेस. तेच कसे करतेस ते सांग." तेव्हा जे मला हाताने करून समजले तेवढेच सांगते. चूकभूल पदरात घ्यावी.

कॅमेरा आमच्या मुलाचा. कॉलेजात असताना त्याला फोटोंचा नाद होता. फोटो नीट करण्यासाठी त्याने संगणकावर एक प्रोग्राम भाड्याने घेतला होता. हो, भाड्यानेच! दर महिन्याला पैसे भरावयाचे. पुढे तो नोकरीसाठी पुण्याला गेला, कॅमेरा व जुना संगणक घरी राहिला, आणि भाडे भरावयाचे थांबले. थोड्याच दिवसांत प्रोग्रामने आम्हाला बाहेर काढले. फोटो डोळ्यांना दिसत, पण त्यांना हात लावता येईना. सामान आपले, घर दुसऱ्याचे, भाडे थकले की दाराला कुलूप, अशी गत झाली.

मी मुलाला फोन केला. तो म्हणाला, "आई, डार्कटेबल नावाचा प्रोग्राम आहे. तो घालून देतो. त्याला पैसे पडत नाहीत." मला आधी शंका आली. फुकट मिळते त्यात काहीतरी खोट असते, असा आपला संसारातला अनुभव. तेव्हा त्याने मला समजावून सांगितले ते असे.

समजा, एखाद्या सुगरणीने गोड्या मसाल्याची कृती कागदावर लिहून सर्वांना वाटली. आणि अट एवढीच घातली की, कोणीही मसाला करा, विका, कृतीत फेरफार करा, पण तुमचा फेरफार केलेला मसाला दुसऱ्याला द्याल तेव्हा त्याची कृतीही द्या, लपवू नका. अशा अटीला जीपीएल असे नाव आहे. योहानेस हानिका या गृहस्थांनी 2009 साली डार्कटेबल सुरू केला. मग देशोदेशीच्या लोकांनी आपापली भर घातली. आपल्या घरोघरी जो विंडोजचा संगणक असतो त्यावर तो 2017 च्या अखेरीस चालू लागला. रॉथेरपी नावाचा असाच दुसरा प्रोग्राम आहे. तो हंगेरीतील गाबोर होर्वाथ यांनी लिहिला आणि 2010 च्या जानेवारीत त्याची कृती सर्वांना खुली केली.

आपल्या मंडळाची भांडी नाहीत का? पातेली, झारे, पराती. कोणाच्या घरी कार्य निघाले की जातात, घासून परत येतात. त्यांचा मालक एक नाही म्हणून ती कोणी कुलपात घालू शकत नाही. हे तसेच आहे.

आता "कच्चा फोटो" म्हणजे काय ते सांगते. रोजच्या कॅमेऱ्यात किंवा मोबाइलमध्ये बटण दाबले की तयार फोटो येतो. त्याला जेपीजी म्हणतात. ती शिजवलेली आमटी. कॅमेऱ्याने आपल्या मनाने मीठमसाला घातला, आणि उरलेले साहित्य फेकून दिले! आमटी खारट झाली तर तुम्ही पाणी घालाल, पण मीठ काढून घेता येत नाही. उलट कॅमेऱ्याला सांगितले की "कच्चाच ठेव", तर तो उजेडाचा जो हिशेब झाला तो तसाच लिहून ठेवतो. त्याला रॉ फाईल म्हणतात. जेपीजीमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत 256 पायऱ्या असतात. पुष्कळ चांगल्या कॅमेऱ्यांच्या कच्च्या फाईलीत 16,384 असतात. म्हणून अंधारात बुडालेला चेहरा तिच्यातून वर काढता येतो.

एक गंमत सांगते. कॅमेऱ्याच्या आत बारीक बारीक दाणे असतात, पण प्रत्येक दाण्याला एकच रंग मोजता येतो. चार दाण्यांत दोन हिरवे मोजतात, एक तांबडा आणि एक निळा. ही युक्ती अमेरिकेतील कोडॅक कंपनीच्या ब्राइस बायर यांची, 1976 सालच्या पेटंटमधली. बहुतेक कॅमेरे आजही त्याच युक्तीवर चालतात. मग उरलेले दोन रंग आले कोठून? प्रोग्राम शेजारच्या दाण्यांना विचारून ते भरतो. घरात विरजण संपले की आपण भिंतीपलीकडे हाक मारतो, तसेच!

ज्यांच्या घरी पूर्वी रोलचे फोटो होते त्यांना नेगेटिव्ह आठवत असेल. कच्ची फाईल म्हणजे नेगेटिव्ह. ती अंधाऱ्या खोलीत धुवावी लागे. डार्कटेबलमध्येही दोन दालने आहेत. एक लाइटटेबल, तेथे सगळे फोटो मांडून निवडावयाचे. डाळ निवडतो तसे. दुसरी डार्करूम, तेथे एकेक घेऊन धुवावयाचा. सगळी नावे इंग्रजी. मी वही केली. एक्स्पोजर म्हणजे उजेड. क्रॉप म्हणजे कातर. व्हाइट बॅलन्स म्हणजे पांढऱ्याला पांढरे करणे. गुलाबी मांडवाखाली हळदीकुंकू असले की साऱ्याजणींचे चेहरे गुलाबी येतात ना? तेव्हा एखादे पांढरे पातळ किंवा पांढरी भिंत पाहून रंग जागेवर आणावयाचे. असे वीस शब्द पाठ झाले आणि माझे काम चालू झाले.

सर्वांत मला आवडले ते हे. हा प्रोग्राम मूळ फाईलीला हातच लावत नाही. आपण जे जे केले ते एका निराळ्या लहान फाईलीत लिहून शेजारी ठेवतो. शिंपी कापडाला कात्री न लावता नुसती मापाची चिठ्ठी टाचून ठेवील तर कसे, तसे. चुकले तर चिठ्ठी फाडा, कापड शाबूत.

चुका मीही पुष्कळ केल्या. गेल्या संक्रांतीला हॉलमधला उजेड कमी, आपल्या सर्वांच्या काळ्या साड्या. मी अंधार इतका वर ओढला की साड्यांवर रवा सांडल्यासारखे दाणे दिसू लागले. ते दाणे बसविण्याचे एक साधन त्यात आहे, पण ते जास्त लावले तर चेहरे मेणाचे होतात. दुसरी चूक बाहेरच्या उन्हातली. पांढरे जर अगदी जळून गेले तर ते कच्च्या फाईलीतूनही परत येत नाही. उतू गेलेले दूध पातेल्यात परत भरता येत नाही. म्हणून फोटो काढतानाच पांढरे सांभाळावे, थोडा काळोख चालेल.

माझ्या सासूबाईंचा फोटो तुमच्यापैकी पुष्कळजणींनी आमच्या ओटीवर पाहिला आहे. तो पणतूच्या बारशाचा. त्या खिडकीला पाठ करून बसल्या होत्या. तयार फोटोत खिडकी लखलखीत आणि सासूबाई म्हणजे नुसती सावली. पुढे आठ महिन्यांनी त्या गेल्या. चांगला फोटो एकही नव्हता. मुलाने सुदैवाने कच्ची फाईल ठेवली होती. मी तीन दुपार त्या एका फोटोशी बसले. हळूहळू पदर आला, कुंकू आले, शेवटी कपाळावरचे गोंदण दिसू लागले. ते माझ्या हातचे नव्हते. ते तेथेच होते, उजेडाने लिहून ठेवलेले. मी फक्त वर आणले.

आणि आता ज्यासाठी मी आज उभी राहिले ते सांगते. हे सांगण्यापूर्वी ज्यांची ही गोष्ट आहे त्या बाईंना व त्यांच्या मुलीला मी विचारले आहे. "नाव न घेता खुशाल सांग," असे दोघींनी सांगितले.

आपल्यातलीच एक मैत्रीण माझ्याकडे आली. "मुलीचा फोटो स्थळासाठी द्यावयाचा आहे. तू काढ, आणि जरा उजळ कर," म्हणाली. मुलगी सावळी, नाकीडोळी नीटस. मी अंगणात, पारिजातकाच्या सावलीत फोटो काढला. मग डार्करूममध्ये बसले आणि मैत्रिणीचा शब्द राखण्यासाठी चेहऱ्यापुरता उजेड वाढविला. एक काटा उजवीकडे सरकवला, मग दुसरा. दहा मिनिटांत मुलगी गोरी झाली. मलाही आपल्या हाताचे कौतुक वाटले. मुलगी पाहावयास आली. बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "काकू, ही कोण?"

भगिनींनो, तिने तक्रार केली नाही, रडली नाही. नुसते एवढेच विचारले. पण मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. सासूबाईंचा चेहरा वर काढणारी मी, आणि जिवंत पोरीचा चेहरा मीच पुसून टाकला!

मूळ फाईल शाबूत होती. मी एकेक पायरी खाली उतरले. रंग जागेवर आणला, सावलीतला निळसरपणा काढला, डोळ्यांवर बेताचा उजेड ठेवला आणि थांबले. मुलगी म्हणाली, "हो, ही मी." पण आईला तो पटला नाही. त्यांनी दुसरीकडून गोरा फोटो करून घेतला. पाहुणे आले, चहापोहे झाले, आणि जाताना एक बाई दारात बोलल्या, "फोटोत वेगळी दिसत होती." ते ऐकणे त्या पोरीच्या वाट्याला आले. दिसते तसे नसते म्हणून जग फसते, असे आपण म्हणतो. पण येथे फसवणारे आपणच, आणि बोल मात्र पोरीला! लग्न अजून ठरलेले नाही. मुलगी नोकरीला लागली आहे, आणि तिच्या ओळखपत्रावर माझा तो दुसरा फोटो आहे. आम्ही दोघी मैत्रिणी दोन महिने बोलत नव्हतो, आता बोलतो.

यावर आमची गुरुवारच्या दुपारी खूप चर्चा झाली. आमच्या घरी चौघीजणी संगणकाभोवती जमतात. एक वडील बाई म्हणाल्या, "अगं, पूर्वीही स्टुडिओवाले काळ्यापांढऱ्या फोटोवर हाताने रंग भरत. नेगेटिव्हवर पेन्सिल फिरवून सुरकुत्या घालवत. तेव्हा कोणी काही म्हटले का?" त्यांचे म्हणणे खोटे नाही. शिवाय डार्कटेबलमध्येही गाल-नाक सरकविण्याचे साधन आहेच. विळी घरात असते. ती भाजीसाठी वापरावी की कशासाठी, हे विळी सांगत नाही. दुसरी म्हणाली, "मग तोंडावरची पुटकुळीसुद्धा ठेवावयाची का?" तेव्हा बोलता बोलता आमचा एक नियम ठरला. जे आठ दिवसांत आपोआप जाणारे आहे ते काढले तर चालेल. जे माणसाबरोबर राहणारे आहे, तीळ, व्रण, गोंदण, वर्ण, ते ठेवावे. कॅमेऱ्याने केलेली चूक सुधारावी; देवाने केलेल्याला चूक म्हणू नये.

आता मंडळापुढे तीन सूचना ठेवते आणि खाली बसते.

पहिली, मंडळाच्या कार्यक्रमांच्या कच्च्या फाईली पुसू नयेत. त्या आकाराने मोठ्या असतात, म्हणून त्यांच्यासाठी एक डिस्क मंडळाच्या कपाटात आणि तिची दुसरी प्रत कोणाच्या तरी घरी ठेवावी. सगळी अंडी एका टोपलीत नकोत. काही मोबाइलही डीएनजी नावाची कच्ची फाईल ठेवतात. ज्यांचा मोबाइल ठेवतो त्यांनी तीही द्यावी.

दुसरी, मंडळाचे हे काम भाड्याच्या प्रोग्रामवर करू नये. आज वर्गणी जमते, उद्या न जमली तर आपल्याच आठवणींना कुलूप लागेल.

तिसरी, दर गुरुवारी तीन ते पाच आमच्या घरी ज्यांना शिकावयाचे आहे त्यांनी यावे. इंग्रजी येत नाही म्हणून मागे राहू नका. माझी वही आहे. आपल्या लेकीसुनांना घेऊन या. त्यांचे फोटो त्यांना स्वतः धुता आले तर त्यांना कोण कसे दाखवील याची भीती उरणार नाही.

या स्मरणिकेत आपणा सर्वांचा जो फोटो छापला आहे तो याच रीतीने धुतलेला आहे. कोणाला उजळ केलेले नाही, कोणाला बारीक केलेले नाही. मागच्या रांगेतल्या बायका मात्र या वर्षी प्रथमच नीट दिसत आहेत. हातच्या काकणाला आरसा कशाला! पाहा आणि मला सांगा.