पूजाघर आणि हिशेबाची वही

(आशागड, तालुका डहाणू, येथे बौद्ध कुटुंबांपुढे केलेले भाषण)

धर्मनिष्ठ म्हणविणारा मनुष्य आपल्या धर्माप्रमाणे वागतो काय, हा प्रश्न आज मी आपल्यापुढे ठेवणार आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. ते डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांच्या इतिहासातच सापडते.

आपल्या आशागडवरून पूर्वेकडे गेले म्हणजे चारोटीजवळ विवळवेढे येथे महालक्ष्मीचे देवस्थान लागते. चैत्री पौर्णिमेपासून तेथे मोठी यात्रा भरते. डोंगरावर देवीचा ध्वज चढविण्याचा मान आदिवासी पुजाऱ्याचा आहे. देवीच्या दारी आदिवासी असा मानाचा! पण त्याच मुलखातील जमीनदाराच्या दारी तो कोण होता? तेथे तो वेठबिगार होता. तेथे तो लग्नगडी होता.

लग्नगडी या शब्दाचा अर्थ आपल्या मुलांना समजावून सांगा. वारली तरुण लग्नासाठी सावकाराकडून थोडे रुपये घेई. ते फिटेपर्यंत त्याने आणि त्याच्या पत्नीने त्या घरी पोटावारी राबायचे. हिशेब सावकाराच्या हाती आणि अक्षरओळख एकट्या सावकाराला. मग कर्ज फिटणार कसे? वर्षे लोटत, आयुष्य सरे. कर्ज मात्र जागच्या जागी. दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास मुंबई सरकारचे सनदी अधिकारी सिमिंग्टन यांनी आदिवासी जमातींच्या स्थितीविषयी सरकारला अहवाल दिला. त्यातही या गुलामगिरीची नोंद आहे. म्हणजे ही केवळ ऐकीव कहाणी नव्हे.

हे करणारे लोक नास्तिक होते काय? मुळीच नाही. या भागातील जमीनदार-सावकारांत हिंदू होते, पारशी होते, मुसलमानही होते. व्याज इस्लामला निषिद्ध आहे. सद्विचार, सद्वचन आणि सत्कर्म ही पारशी धर्माची त्रिसूत्री आहे. दयेची थोरवी हिंदू घरातले लहान मूलही कीर्तनात ऐकते. यांपैकी एकाही धर्माने दुसऱ्याचे श्रम फुकट लाटण्यास पुण्य म्हटलेले नाही. सर्वच धनिक असे होते, असे मी म्हणत नाही. परंतु तीन धर्मांची माणसे एकाच मुलखात शेजारी शेजारी नांदत असता, लग्नगड्याची चाल कोणत्याही प्रार्थनास्थळाने बंद पाडली नाही, ही वस्तुस्थिती आहे.

मग ती बंद कशी पडली? २३ मे १९४५ रोजी तलासरीतील झरी येथे हजारो वारली जमले आणि वेठ करणार नाही, लग्नगडी राहणार नाही, असा त्यांनी निर्धार केला. दिवसाला १२ आणे मजुरी, एवढी त्यांची मागणी! त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड आणि त्यांचे सहकारी प्राणास मुकले. या लढ्याचे नेतृत्व गोदावरी परुळेकर यांनी केले. त्या कम्युनिस्ट होत्या. त्यांचा मार्ग आपला नव्हे. पण जे काम देवाचे नाव घेणाऱ्यांनी करावयास हवे होते, ते देवाचे नाव न घेणाऱ्या एका बाईने आणि अक्षरशत्रू मानलेल्या वारल्यांनी केले, हे सत्य सांगण्यास आपण का कचरावे?

येथे कोणी म्हणेल, 'ते सगळे ढोंगी होते. खरा धार्मिक असा वागत नाही.' हे उत्तर सोपे आहे. परंतु अपुरे आहे. महाडचे उदाहरण घ्या. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर तेथील सनातन्यांनी पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळे शुद्ध करून घेतले. ज्या तळ्यावर गुरे-ढोरे पाणी पीत, ते माणसाच्या स्पर्शाने बाटले! हे लोक ढोंगी होते काय? नव्हते. ते आपल्या नियमांना शंभर टक्के जागत होते. घागरी मोजून ओतणारा मनुष्य धर्म पाळण्यात कुचराई करीत नसतो. दोष पाळण्यात नव्हता. जे पाळले जात होते त्यात होता.

म्हणूनच बाबासाहेबांनी १९३६ साली जातिसंस्थेच्या उच्छेदावरील आपल्या निबंधात नियम आणि तत्त्व यांत भेद केला. नियम मनुष्याला अमुक कर, तमुक करू नको, असे सांगतो. विचार करण्याची जबाबदारी तो काढून घेतो. तत्त्व ती जबाबदारी मनुष्याच्या माथी ठेवते. नियमाच्या धर्मात जमीनदार उपवास पाळून, दान देऊन, यात्रा करून निश्चिंत झोपू शकतो. कारण वारल्याच्या मजुरीचा प्रश्न त्याच्या नियमांच्या यादीत नाही. तत्त्वाच्या धर्मात त्याला झोप येता कामा नये.

आता आपण आपल्याकडे वळू. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखो लोकांना दिली. त्या बावीस प्रतिज्ञांत मनुष्यमात्राच्या समानतेची प्रतिज्ञा आहे. पंचशीलातील दुसरे शील सांगते की, जे दिलेले नाही ते घेऊ नये. विचार करा, वेठबिगार म्हणजे काय? न दिलेले श्रम घेणे! म्हणजे या शिलाचा भंग केवळ रात्री घर फोडणारा चोरच करतो असे नाही. दिवसाढवळ्या मजुरी बुडविणाराही करतो. पण हेच शील आपण वंदनेच्या वेळी हात जोडून म्हटले आणि वंदना संपताच विसरलो, तर आपणही तत्त्वाचा नियम केला. मग आपल्यात आणि घागरी मोजणाऱ्यांत फरक तो काय उरला?

नवदीक्षित कुटुंबांनी देव्हारा काढला, हे उत्तम केले. परंतु धर्मांतराची परीक्षा भिंतीवरच्या तसबिरीने होत नाही. जेथे आपला हात वर असतो आणि दुसऱ्याचा खाली असतो, तेथे ती होते. आपल्या शेतावर वा बांधकामावर येणाऱ्या कातकरी मजुराला ठरलेले पैसे वेळेवर मिळतात काय? वीटभट्टीवर माणसे नेताना दिलेल्या उचलीचा हिशेब त्यांना वाचून दाखविला जातो काय? बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळते काय? मुलाचे लग्न ठरविताना हुंडा आणि पोटजात ही दोन भुते मागच्या दाराने आत येतात काय? विहाराची वर्गणी देणाऱ्या घरातही हे प्रश्न विचारलेच पाहिजेत. तेथे तर ते अधिक कठोरपणे विचारले पाहिजेत.

आणि जर आपला स्वतःचा हात खाली असेल, तर हक्कही जाणून घ्या. राज्यघटनेच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारीस मनाई केली. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असे वेठीचे कर्ज फेडण्याची जबाबदारीच संपुष्टात आणली. असे काम सक्तीने करून घेणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि २००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अंमलबजावणीची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर आहे. उचल घेतली म्हणून मनुष्य विकला गेला, असे या देशाचा कायदा मानत नाही. हे आपल्या वारली आणि कातकरी शेजाऱ्यांनाही सांगा. ते दीक्षा घेवोत वा न घेवोत. न्याय सांगताना धर्म विचारावयाचा नसतो.

तेव्हा, बंधु-भगिनींनो, इतरांच्या धार्मिकतेची झडती घेण्याचा अधिकार आपणास आहे. कारण तिचे चटके आपल्या पूर्वजांनी सोसले आहेत. पण त्या अधिकाराची किंमत एकच आहे: तीच झडती आपल्या घरीही घेऊ देणे. उद्या कोणी तुमच्या दारी येऊन विचारले की, तुम्ही बौद्ध कशावरून, तर त्याला तसबीर दाखवू नका. हिशेबाची वही दाखवा. आणि तुमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईला बोलावून सांगा, 'बाई, यांच्या प्रश्नाचे उत्तर तूच दे.'

जय भीम!