बाळंतिणीच्या मनाची विचारपूस



बाळंतिणीला शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, तेलाचे मर्दन. तिच्या देहाची काळजी वाहणारी आपली ही रीत वाखाणण्यासारखीच आहे. पण ती एकटीच रडू लागली, तर 'दृष्ट लागली' म्हणून आपण मोकळे होतो!

गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांना नैराश्याने ग्रासलेले आढळले. त्यांतील बहुतेकींचे मन गरोदरपणीच खचलेले होते. कारणांत दारिद्र्य होते, पतीशी बेबनाव होता आणि मुलगी झाली, हेही होते. देवीची ओटी भरणाऱ्या समाजाने हे मान खाली घालूनच वाचावे.

मानसोपचारतज्ज्ञ गावोगावी कोठून आणणार? रावळपिंडीजवळच्या खेड्यांत डॉ. अतीफ रहमान यांनी आरोग्यसेविकांकरवी उपचार करून दाखविले होते. पुढे गोवा आणि रावळपिंडी येथील संशोधकांनी मिळून तेच काम वस्तीतल्या, स्वतः आई असलेल्या स्त्रियांवर सोपविले. (उभय देशांचे एरवीचे संबंध आपण जाणताच!) गोव्यातील २८० गर्भवतींच्या या प्रयोगाचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. अशी सोबत लाभलेल्यांत सहा महिन्यांनी सावरलेल्यांचे प्रमाण अधिक होते. यश माफकच, पण खर्चही थोडाच.

वस्तीत जाणाऱ्या भगिनी बाळाचे वजन विचारतात. 'तुला झोप लागते का?' हेही त्यांनी विचारावे. आणि जिथे मुलगी जन्मली असेल, त्या घरी आधी जावे.