परीक्षेची धास्ती आणि शिक्षकाचे काम



शिक्षकांपुढे बोलण्यासाठी व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलाविले, याचे आम्हांलाच नवल वाटले. आमचे शालेय शिक्षण दहावीच्या उंबरठ्यावर थांबले. पुढे जे वाचले ते संघटनेच्या कचेरीत आणि दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात. अध्यापनशास्त्र सांगण्याचा अधिकार आमचा नाही. धास्ती मात्र आम्ही जवळून पाहिली आहे. तिच्याविषयी चार शब्द बोलतो.

लालबाग-परळात वाढलेल्यांना बदली कामगार ठाऊक आहे. सकाळी डबा घेऊन गिरणीच्या दारावर जायचे. कोणी कायम कामगार गैरहजर असला तर आत घेत, नाहीतर भरला डबा घरी परत. आमचे वडील अनेक वर्षे बदली होते. ते म्हणत, "साच्यावर आठ तास उभा राहून माणूस थकतो, दारावर अर्धा तास उभा राहून खचतो." पूर्वी आत कोणाला घ्यायचे हे जॉबरच्या मर्जीवर असे. 1935 साली मुंबईच्या गिरणीमालकांनी बदली नियंत्रण योजना आणली आणि बदलीला कार्ड मिळाले. रोजचे काम काही निश्चित झाले नाही. परंतु मर्जीच्या जागी निदान नियम आला.

परीक्षेच्या धास्तीचे मूळ आम्हांला येथेच दिसते. मूल कष्टाला सहसा भीत नाही. आपल्याला कोणत्या मापाने मोजणार आणि माप अपुरे पडले तर पुढे काय, हे न कळल्याने ते खचते.

आमचीच गोष्ट सांगतो. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्यानंतर वडील पुन्हा कामावर लागले नाहीत. आम्ही दिवसा छापखान्यात काम करून रात्रशाळेत जाऊ लागलो. 1988 साली दहावीच्या सराव परीक्षेनंतर शिक्षकांनी भर वर्गात गुण वाचून दाखविले. गणितात आमचा क्रमांक शेवटचा. "हा कशाला बसतो?" असे ते म्हणाले आणि वर्ग हसला. मार्चमध्ये गणिताच्या दिवशी हॉल तिकीट खिशात घालून आम्ही परळच्या पुलावर पेपर सुटेपर्यंत उभे राहिलो. घरी सांगितले, पेपर बरा गेला. आईने पेढ्यांसाठी पैसे बाजूला काढून ठेवले. निकालाच्या दिवशी तिला खरे सांगावे लागले. पुन्हा परीक्षेला बसण्याचा धीर आम्हांला झाला नाही.

ते शिक्षक दुष्ट नव्हते. लाजेने मुलगा अभ्यासाला लागेल असे त्यांना वाटले असावे. आमचा हात कोणत्या गणिताला अडतो, एवढे मात्र त्यांनी कधी विचारले नाही.

म्हणून आमची पहिली विनंती अशी की, माप उघडे करा. नाव झाकलेली जुनी उत्तरपत्रिका वर्गात द्या आणि मुलांनाच तपासू द्या. गणितात उत्तर चुकले तरी बरोबर पायऱ्यांना गुण मिळतात, उत्तीर्ण होण्यास 35 गुण लागतात, हे मुलाने स्वतः मोजून पाहिले की पेपराचा बागुलबुवा राहत नाही.

दुसरे, लहान लहान चाचण्या वरचेवर घ्या. परंतु गुण वाचून दाखवू नका. कागद ज्याचा त्याच्या हातात द्या आणि त्यावर पुढे काय करायचे ते एका ओळीत लिहा.

तिसरे, मूल अभ्यास कोठे करते ते विचारा. बी. डी. डी. चाळीतील 160 चौरस फुटांच्या खोलीत रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपलेला असे. तेथे पुस्तक उघडणार कोठे? आजही अनेक घरांत हीच अडचण आहे. संध्याकाळी शाळेचा एक वर्ग उघडा ठेवता आला तरी पुष्कळ झाले. ना. म. जोशी हे मूळचे शिक्षक. त्यांनी 1911 साली स्थापलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारवस्तीत रात्रशाळा आणि वाचनालये चालविली. मजुरांचा पुढारी प्रथम त्यांच्या मुलांसाठी दिवा लावतो, हा धडा आम्ही त्यांच्याकडून घेतला.

चौथे, परतीची वाट निकालाच्या आधीच दाखवा. 2015 सालापासून नापास मुलांची पुरवणी परीक्षा त्याच वर्षी होऊ लागली. ही गोष्ट मुलाला जूनमध्ये न सांगता फेब्रुवारीत सांगा. 2022 साली देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे आणि त्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा आहे. सर्वांचे कारण परीक्षा नव्हे. परंतु एखादे मूल गप्प झाले, जेवेनासे झाले, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागले, तर त्याला एकटे सोडू नका. सरळ विचारा, घरच्यांना व डॉक्टरांना कळवा. टेलिमानसचा 14416 हा सरकारी क्रमांक वर्गाच्या भिंतीवर लिहून ठेवा.

कोणी म्हणेल, धाक गेला तर अभ्यासही जाईल. आम्ही परीक्षा सोपी करा असे म्हणत नाही. संघटना काम बंद करण्यासाठी नसते. काम नियमाने व्हावे म्हणून असते. आणखी एक गोष्ट आम्ही जाणतो. शाळेच्या निकालाच्या टक्केवारीची धास्ती शिक्षकाच्या डोक्यावर असते आणि तीच वर्गात उतरते. तिच्याविरुद्ध शिक्षकांनी संघटितपणे बोलावे. आम्ही त्यांच्या बाजूने उभे राहू.

शेवटी एकच मागणे. परीक्षेच्या सकाळी केंद्राच्या दारावर उभे राहा आणि आपली मुले मोजा. जो आला नसेल त्याच्या घरी लगेच माणूस धाडा. त्या दिवशी पेपराची घंटा होण्याआधी आम्ही पुलावर बराच वेळ उभे होतो. शाळा तेथून हाकेच्या अंतरावर होती.