थोरल्या भावाचा हिशेब

(महोत्सवी समारंभातील भाषण)



ख्रिस्ती धर्मग्रंथातील दयेवर आम्ही बोलावे अशी आज्ञा झाली, तेव्हा प्रथम संकोच वाटला. आम्ही मुसलमान, पेशा मास्तरकीचा. पण कुराणातील ११४ सूरांपैकी ११३ सूरांचा आरंभ रहमान व रहीम या नावांनी होतो. आणि बायबलच्या जुन्या करारात दयेला जो 'रहमीम' हा हिब्रू शब्द आहे, तो त्याच कुळातला. आईच्या गर्भाशयाचा शब्दही याच धातूचा. मग संकोच पुष्कळसा गेला.

ते बायबल मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत आणले पंडिता रमाबाईंनी. त्यांचे आईवडील दुष्काळातच गेले होते. १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो निराधार मुली घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यातील केडगावचे मुक्तिसदन त्यांतून वाढले. त्यांचे भाषांतर छापून झाले ते १९२४ साली, त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी. आणि तेही मुक्तिसदनाच्याच छापखान्यात. ज्यांना कोणी दारात उभे करीत नव्हते, अशा बायकांचे हात त्या कामी लागले होते.

लूकच्या शुभवर्तमानात, १५ व्या अध्यायात, उधळ्या मुलाची गोष्ट आहे. पैसा उडवून धाकटा परततो. बाप त्याला दुरूनच पाहतो आणि धावत सुटतो. हिशेब विचारीत नाही! हिशेब काढतो तो थोरला भाऊ. त्याचे म्हणणे खोटे नाही, हीच त्या गोष्टीतली अडचण.

आम्हीही एकदा थोरले भाऊ झालो. मदतीचे पैसे जत्रेत उडवून एक विद्यार्थी पुन्हा मागावयास आला. आम्ही नियम दाखवून यादीतून त्याचे नाव खोडले. तो शाळेत पुन्हा आला नाही. हल्ली कधी हुमनाबादच्या बसस्टँडवर भेटतो, "नमस्कार गुरुजी, तब्येत बरी ना?" म्हणून आमचीच विचारपूस करतो. तेव्हा उत्तर लवकर सुचत नाही.

रुसलेल्या थोरल्याची समजूत घालावयासही बाप बाहेर येतो. तो घरात गेला की नाही, हे लूक सांगत नाही.

चिटगुप्प्यातील यंदाच्या मदतीचे अर्ज लवकरच आपल्या मंडळापुढे येतील. गेल्या वर्षी 'अपात्र' असा शेरा मारलेले अर्जही त्यांबरोबर पुन्हा वाचावेत, एवढी आमची विनंती आहे. त्यांतल्या तिहींवर शेरा आमच्या हातचा आहे.