एका खेळाडूने दोन खेळ का खेळू नयेत?



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर आला की तो मजुरीवर, महागाईवर बोलणार, असे आपण धरून चालता. आज मी खेळावर बोलणार आहे. महाविद्यालयातला एखादा मुलगा किंवा मुलगी फुटबॉल आणि बास्केटबॉल असे दोन्ही खेळ खेळत असेल, तर त्याला एक सोडायला लावावे काय, एवढाच आजचा प्रश्न आहे. माझे शालेय शिक्षण बेताचे; जे वाचले ते युनियनच्या कचेरीत, दिवसाचे काम आटोपल्यावर. तेव्हा पांडित्याची अपेक्षा ठेवू नये.

खेळाशी कामगाराचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध फार जुना आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी झगडून 1890 साली रविवारची सुटी मिळविली. सुटी नाही तेथे खेळ कुठला? मोकळा वेळ ही भिक्षा नव्हे, मिळविलेली वस्तू आहे, हे सूत्र मनात ठेवूनच मी पुढे बोलतो.

प्रथम या दोन खेळांचे नाते पाहू. बास्केटबॉलचा जन्म डिसेंबर 1891 मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे एका व्यायामशिक्षण संस्थेत झाला. हिवाळ्यात मैदाने बर्फाने झाकली गेली की फुटबॉल खेळणारी दांडगी पोरे व्यायामशाळेत कंटाळत. जेम्स नाइस्मिथ या शिक्षकाने त्यांच्यासाठी नवा खेळ रचला. तिकडचे फुटबॉल आपल्याहून निराळे. त्यात चेंडू हातात घेऊन पळतात आणि पळणाऱ्याला अंगावर झेप घेऊन पाडतात. नाइस्मिथने विचार केला, की चेंडू घेऊन पळण्यालाच बंदी केली तर पाडापाडीचे कारणच उरणार नाही. त्यातून तेरा नियम झाले. इमारतीची देखभाल करणाऱ्या कामगाराने पीच फळांच्या दोन टोपल्या शोधून दिल्या. त्या दहा फूट उंचीवर ठोकल्या, आणि पहिला सामना चक्क फुटबॉलच्या चेंडूने झाला. ती दहा फुटांची उंची आजही कायम आहे. म्हणजे फुटबॉल खेळणाऱ्यांसाठीच हा खेळ निघाला; आणि आज आपण मुलाला सांगतो, की दोन्ही जमणार नाहीत!

तिकडे शरद ऋतूत फुटबॉल आणि हिवाळ्यात बास्केटबॉल अशी वाटणी झाल्यामुळे एकाच विद्यार्थ्याने दोन्ही खेळण्याची रीत पडली. त्यातले एक नाव सांगतो: पॉल रोबसन. बाप गुलामगिरीतून पळून सुटलेला. 1915 साली शिष्यवृत्ती मिळवून मुलगा रटगर्स महाविद्यालयात गेला. फुटबॉलच्या सरावात त्याच्याच संघातल्या गोऱ्या पोरांनी त्याचे नाक फोडले, खांदा निखळवला. तो मागे हटला नाही. फुटबॉलमध्ये 1917 आणि 1918 साली देशातल्या निवडक खेळाडूंत त्याची गणना झाली. शिवाय तो बास्केटबॉल, बेसबॉल आणि मैदानी खेळ खेळला, आणि अभ्यासातही पहिल्या रांगेत राहिला. पुढे हा मोठा गायक आणि नट कामगारांच्या बाजूने उभा राहिला, म्हणून 1950 साली त्याच्या सरकारने त्याचा परवाना काढून घेतला. त्याला परदेशी जाता येईना. 1958 साली त्याचा साठावा वाढदिवस भारतात साजरा झाला, तेव्हा त्या समितीचे अध्यक्ष मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश छागला होते. अनेक खेळ खेळल्याने माणूस उथळ होतो असे म्हणणाऱ्याने हे चरित्र वाचावे.

आता आपल्या गावाकडे येऊ. मार्केट यार्डातल्या एका हमालाने मला विचारले, "भाऊ, पोरगं दोन्ही खेळायलंय. सर म्हणायलेत, एक सोड. कोणता सोडावं?" सरांच्या मनात वाईट काही नव्हते. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी वरच्या पातळीचे प्रमाणपत्र लागते. एकाच खेळावर जोर दिला तर ते हाती लागेल, असा त्यांचा हिशेब. गरिबाच्या घरी हा हिशेब हसण्यावारी नेता येत नाही. 'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हण आपण उगीच वापरत नाही.

पण हिशेबाची दुसरी बाजू त्या हमालालाच ठाऊक होती. वर्षानुवर्षे एकाच खांद्यावर पोती वाहणाऱ्याचा तोच खांदा आधी जातो. शरीर आलटून पालटून वापरले तर टिकते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2016 साली असाच सल्ला दिला, की पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मुलाला एकाच खेळाला जुंपू नये. त्याने अतिवापराच्या दुखापती वाढतात. फुटबॉलने दम आणि पाय तयार होतात. बास्केटबॉलने उडी, हात आणि अरुंद जागेत झटकन वळण्याची सवय. फुटबॉलच्या गोलरक्षकाला उंच चेंडू झेलायचा असतो, तेव्हा हीच शिदोरी कामी येते.

आपला मराठवाडा ज्या हैदराबाद संस्थानात होता, तेथल्या सय्यद अब्दुल रहीम या शिक्षकाने ही गोष्ट ओळखली होती. दुबळ्या पायानेच चेंडू मारावा, अशा स्पर्धा ते भरवीत. त्यांच्याच हाताखाली भारताने 1951 आणि 1962 साली आशियाई सुवर्णपदक जिंकले. आणि सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर? ते तरुणपणी टेनिसमध्ये राष्ट्रीय पातळीवर खेळले, मग बॅडमिंटनकडे वळले, आणि 1956 साली क्वालालंपूरला परदेशातली स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. निवड त्यांनीही केलीच. पण दोन्ही खेळ चाखून, स्वतःच्या कलाने.

म्हणून मी त्या हमालाला म्हणालो, "आत्ताच काही सोडू नका. सोडायचेच असेल तर पोराला विशीत ठरवू द्या."

मात्र हे उत्तर पोकळ ठरू नये, यासाठी गावाने काही दिले पाहिजे. पहिली गोष्ट जागेची. बास्केटबॉलचे अंगण अठ्ठावीस मीटर लांब आणि पंधरा मीटर रुंद असते. पूर्ण आकाराच्या एका फुटबॉल मैदानाचे क्षेत्रफळ अशा सतरा अंगणांएवढे भरते. म्हणजे जेथे एक मैदान आहे, तेथे कडेला दुसऱ्या खेळाची सोय करणे अवघड नाही. अवघड आहे ते संध्याकाळी फाटक उघडे ठेवणे. दुसरी गोष्ट तारखांची. दोन्ही खेळांच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा एकाच पंधरवड्यात आल्या, की मुलाचा निर्णय वेळापत्रकच करून टाकते. तारखा वेगळ्या ठेवायला पैसा लागत नाही, थोडी कळकळ लागते. तिसरी गोष्ट आहाराची. दोन तास धावणाऱ्या पोराला मूठभर शेंगदाणे आणि गूळ तरी मिळावा. उपाशी पोटी एक खेळही होत नाही, दोन कुठले?

आणि शेवटी वेळेची. लातूरच्या शिकवण्यांचे नाव राज्यभर आहे. नांदेडही त्याच वाटेने चालले आहे. त्या यशाचा मला अभिमान वाटतो. पण पहाटेपासून रात्रीपर्यंत वर्गात बसणाऱ्या मुलाचा कामाचा दिवस मोजून पाहा. तो बापाच्या पाळीहून मोठा भरेल. आठ तासांचा दिवस मागण्यासाठी 1886 साली शिकागोचे कामगार रस्त्यावर उतरले, कारण उरलेल्या वेळावर माणसाचा हक्क असतो असे ते मानीत. आपल्या मुलांना युनियन नाही. त्यांच्या वतीने संध्याकाळचा एक तास मागणारे आपणच आहोत. आणि तो द्यायचाही आहे आपणच.