विद्यार्थ्याच्या संशोधनाला उत्तर देणारा हवा

(वसंतातील व्याख्यानमालेत कोपर्निकस मार्ग, नवी दिल्ली येथे दिलेले व्याख्यान)



आज आपण ज्या रस्त्यावर जमलो आहोत त्याला कोपर्निकसचं नाव आहे. जुनं महाराष्ट्र सदन, कमानी सभागृह, रवींद्र भवन ही सगळी आपल्या रोजच्या वाटेवरची ठिकाणं. पत्ता सांगताना हे नाव आपल्या तोंडी येतं आणि आपण पुढे जातो. आज मात्र या माणसाच्या विद्यार्थिदशेकडे थोडं पाहू, कारण माझ्या विषयाची सुरुवात तिथेच सापडते.

क्राकूवच्या विद्यापीठात शिकून कोपर्निकस इटलीत बोलोन्याला गेला, तो चर्चचा कायदा शिकायला. नंतर पादुआला त्याने वैद्यकाचा अभ्यास केला. डॉक्टरेट मिळाली ती 1503 साली फेरारा इथे, तीही कायद्यातच. बोलोन्यात असताना मात्र तो खगोलाचे प्राध्यापक नोव्हारा यांच्या घरी राहत असे. 9 मार्च 1497 च्या रात्री रोहिणीचा तारा चंद्रबिंबाआड जाताना त्याने पाहिला आणि ती नोंद जपून ठेवली. तेव्हा तो 24 वर्षांचा होता. 1543 साली त्याचा मोठा ग्रंथ छापला गेला, त्यात चंद्राचा विचार करताना हीच नोंद त्याने आधाराला घेतली. कायदा शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्याचं ते एका रात्रीचं काम होतं.

त्या ग्रंथामागची आणखी एक हकीकत सांगायला हवी. हस्तलिखित वर्षानुवर्षं पडून होतं आणि कोपर्निकस ते छापायला धजावत नव्हता. 1539 साली विटेनबर्गचा 25 वर्षांचा तरुण गणिताध्यापक ऱ्हेटिकस त्याच्याकडे येऊन राहिला. त्याने ते काम वाचलं, प्रश्न विचारले आणि 1540 साली त्याची ओळख करून देणारी एक पुस्तिका स्वतःच छापली. मग म्हाताऱ्या गुरूला धीर आला. तो वाचक आला नसता तर ग्रंथाचं काय झालं असतं, याचा विचार करून पाहावा.

मला आज जे म्हणायचं आहे ते एवढंच आहे. विद्यार्थ्याचं काम संशोधन कधी होतं? कुणी ते नीट वाचतं आणि त्याला उत्तर देतं तेव्हा. मानव्यविद्या असो, आरोग्यशास्त्र असो की निसर्गविज्ञान, ही गोष्ट तिन्हीकडे सारखीच लागू आहे. आणि आपण मराठी माणसांनी हे कुणाकडून शिकण्याची गरज नाही. आपल्याच घरात त्याचे दाखले आहेत.

पहिला दाखला मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. श्रीधर व्यंकटेश केतकर, म्हणजे आपले ज्ञानकोशकार, अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात विद्यार्थी होते. भारतातल्या जातींच्या इतिहासावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक 1909 साली प्रसिद्ध झालं. तेव्हा ते 25 वर्षांचे होते. सात वर्षांनी, 9 मे 1916 रोजी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्राचे प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात दुसऱ्या एका मराठी विद्यार्थ्याने निबंध वाचला. त्याचंही वय 25 होतं. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर आणि निबंधाचा विषय भारतातील जाती, त्यांची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास.

या निबंधात आंबेडकरांनी जातीच्या चार व्याख्या तपासायला घेतल्या. सेनार्त, नेसफिल्ड आणि रिस्ली हे तीन परदेशी अभ्यासक, आणि चौथे केतकर. पहिल्या तिघांना ते थोडक्यात बाजूला करतात. केतकरांपाशी मात्र थांबतात. केतकरांनी जातीची दोन लक्षणं सांगितली होती. एक, जातीतल्यांच्या पोटी जन्मलेल्यालाच जातीत जागा. दोन, जातीबाहेर लग्न करायला बंदी. आंबेडकर म्हणतात की ही दोन लक्षणं नाहीत, एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. बाहेर लग्न बंद केलंत की जन्मावरून प्रवेश आपोआपच ठरतो. मग जातीचं मूळ लक्षण एकच उरतं, ते म्हणजे आपसातलं लग्न.

तिथून पुढची मांडणी पाहा. एखाद्या गटाला आपसातच लग्नं करायची तर लग्नाच्या वयाच्या स्त्रियांची आणि पुरुषांची संख्या जवळपास सारखी राहायला हवी. नवरा आधी गेला तर एक स्त्री जास्त होते, बायको आधी गेली तर एक पुरुष. या 'जास्त' झालेल्या माणसांचं काय करायचं? सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या रूढींचा उलगडा ते या हिशेबातून करतात. धर्मग्रंथातलं एखादं वचन पुढे न करता, एखाद्या वंशाला दोष न देता. आणि शेवटी सांगतात की आपली उपपत्ती टिकत नाही असं कुणी दाखवलं तर ती सोडून द्यायची आपली तयारी आहे. 25 वर्षांच्या, जातीचे चटके अंगावर घेतलेल्या माणसाने हे लिहिलं, याने मी आजही भारावून जातो.

हा निबंध मे 1917 मध्ये 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात छापला गेला. त्याचा धागा वीस वर्षांनंतरही तुटला नाही. 1936 च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये जातिअंताचा खरा उपाय म्हणून आंबेडकर आंतरजातीय विवाहाकडे बोट दाखवतात, त्याचं मूळ त्या वर्गातल्या निबंधात आहे. एका विद्यार्थ्याने दुसऱ्या विद्यार्थ्याचं पुस्तक गंभीरपणे वाचलं, त्याचा मान राखून त्याला दुरुस्त केलं, आणि एका संपादकाने ते उत्तर छापलं. हे तिन्ही घडलं म्हणून तो निबंध आपल्यापर्यंत आला.

आता याच्या उलट घडलेली गोष्ट सांगतो. आनंदीबाई जोशी 11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. चौदाव्या वर्षी त्यांनी आपलं पहिलं मूल दहा दिवसांत गमावलं होतं. त्यांचा प्रश्न कुठून आला हे वेगळं सांगायला नको. एका हाताशी आपले जुने ग्रंथ आणि दुसऱ्या हाताशी अमेरिकेतली वैद्यकाची पुस्तकं घेऊन एक 20 वर्षांची मुलगी बाळंतपणाचा विचार करत होती. वैद्यक आणि मानव्यविद्या यांच्या मधली जी वाट आज विद्यापीठं मोठ्या कौतुकाने आखतात, तिच्यावर ती तेव्हाच चालत होती.

पण पुढच्याच वर्षी, 26 फेब्रुवारी 1887 रोजी, आनंदीबाई गेल्या. त्यांच्या धैर्याची चरित्रं झाली, नाटकं झाली, चित्रपट झाला, आणि ते योग्यच झालं. पण त्यांच्या प्रबंधाला उत्तर कुणी दिलं? तो फिलाडेल्फियाच्या संग्रहात राहिला. त्या काय म्हणाल्या, कुठे बरोबर होत्या, कुठे नव्हत्या, याची चर्चा आपल्याकडे जेवढी व्हायला हवी होती तेवढी झाली नाही. आपण त्यांना आदर्श म्हणून पूजलं. अभ्यासक म्हणून वाचलं नाही. मला हे त्यांच्यावर अन्याय करणारं वाटतं.

निसर्गविज्ञानातला दाखला दिल्लीशीही जोडलेला आहे. कमला भागवत, नंतरच्या कमला सोहोनी, 1933 साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी गेल्या. मुंबई विद्यापीठाच्या परीक्षेत त्या पहिल्या आल्या होत्या. तरी संचालक सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत, तेव्हा अटींवर घेतलं. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता नाही, आणि त्यांच्या असण्याने तिथल्या वातावरणाला बाधा येता कामा नये. ते वर्ष त्यांनी श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली दूध आणि डाळी यांतल्या प्रथिनांवर काम करून काढलं. त्यानंतर रामन यांनीच मान्यता दिली आणि पुढे मुलींसाठी संस्थेचं दार उघडलं. त्या पहिल्या वर्षात कमलाबाईंनी केलेलं काम त्यांच्या बाजूने बोललं. श्रीनिवासय्यांसारखा ते रोज पाहणारा, तपासणारा माणूस समोर होता, हेही तितकंच खरं.

केंब्रिजला जाऊन वनस्पतींच्या पेशींतल्या सायटोक्रोम सी या द्रव्यावर त्यांनी पीएच.डी. केली. तो प्रबंध जेमतेम 40 पानांचा होता. जाडीवरून प्रबंध जोखणाऱ्या आपल्या विभागप्रमुखांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. 1939 साली त्या परतल्या आणि इथून फार दूर नसलेल्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनाच्या विभागप्रमुख झाल्या. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी नीरा, कडधान्यं, तांदळाचं पीठ यांच्या पोषणमूल्यावर काम केलं. गरीब घरातल्या मुलाच्या ताटात काय पडतं, हा त्यांच्या प्रयोगशाळेचा प्रश्न होता. त्यांच्याच बहीण दुर्गाबाई भागवत यांनी बौद्ध विनयातल्या कायद्यावर प्रबंध लिहिला, तो एम.ए. साठी. एक बहीण परीक्षानळीशी, दुसरी पाली ग्रंथांशी.

आणि इरावती कर्वे. बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी माणसाच्या कवट्या मोजल्या. युरोपीय माणसाची कवटी वेगळी, म्हणून त्याची बुद्धीही वेगळी, असं मोजमापातून निघावं अशी त्या गुरूची अपेक्षा होती. इरावतीबाईंच्या मोजमापात तसं काही निघालं नाही, आणि 1930 च्या प्रबंधात त्यांनी ते तसंच लिहिलं. परक्या देशात, ज्याच्या सहीवर पदवी अवलंबून आहे त्याच्यासमोर. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे प्रकरण नेहमी सांगतो. आकडे अपेक्षेप्रमाणे आले नाहीत म्हणून ते झाकून ठेवू नका, हे सांगायला यापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही.

आता आजच्याकडे येऊ. महाराष्ट्रात 2006 पासून 'आविष्कार' हे आंतरविद्यापीठीय संशोधन संमेलन भरतं. त्यात भाषा आणि मानव्यविद्यांपासून शेती, अभियांत्रिकी, शुद्ध विज्ञान, वैद्यक आणि औषधनिर्माणापर्यंत सहा शाखा आहेत. मुलं महाविद्यालयातून विद्यापीठापर्यंत आणि तिथून राज्य पातळीवर येतात. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी आपल्या या शहरातली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद 1979 पासून अल्पकालीन शिष्यवृत्ती देते. दोन महिने, एक प्रश्न, एक अहवाल. आणि नव्या शैक्षणिक धोरणात चौथ्या वर्षी संशोधनासह पदवी आली आहे. दिल्ली विद्यापीठात 2022 साली दाखल झालेली तुकडी 2025-26 मध्ये त्या वर्षात पोचली.

या सगळ्याचं मी मनापासून स्वागत करतो. खेड्यातल्या महाविद्यालयातली मुलगी आपल्या गावच्या विहिरींचं पाणी तपासून त्याचा तक्ता घेऊन परीक्षकासमोर उभी राहते, तेव्हा तिचा आवाज थरथरत असतो आणि डोळे चमकत असतात. परीक्षक म्हणून मी अशा तक्त्यांसमोर उभा राहिलो आहे. पण नंतर काय होतं? पदक मिळतं किंवा मिळत नाही, तक्ता गुंडाळला जातो, अहवाल कपाटात जातो. पीएच.डी.चे प्रबंध निदान 'शोधगंगा' या संकेतस्थळावर सापडतात. पदवीच्या मुलीने केलेलं काम कुठेच सापडत नाही. त्यामुळे पुढच्या वर्षी शेजारच्या तालुक्यातला मुलगा त्याच प्रश्नाला पुन्हा पहिल्यापासून हात घालतो. केतकरांचं पुस्तक आंबेडकरांच्या हातात पडलं होतं. या मुलाच्या हातात काहीच पडत नाही.

वैद्यकातली अडचण थोडी वेगळी आहे. दोन महिन्यांत काय उरकेल या हिशेबाने प्रश्न निवडला जातो, आणि मग तीच ती प्रश्नावली, शंभर लोकांना हात धुण्याबद्दल काय माहीत आहे, असं चालतं. वॉर्डात उभं राहून खटकलेला प्रश्न असेल तर दोन महिनेही पुरतात. रक्तक्षयाच्या गोळ्या बाया घरी नेतात आणि घेत नाहीत, त्या का घेत नाहीत? हे विचारायला महागडं यंत्र लागत नाही. त्यांच्याजवळ बसून ऐकायला लागतं, आणि ती कला समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला जास्त येते. दोघांनी मिळून हे काम का करू नये?

आणखी एक गोष्ट मला टोचते. चौथ्या वर्षी संशोधनाची वाट पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के किंवा त्याहून जास्त गुण मिळवणाऱ्यांनाच मोकळी आहे. आंबेडकरांना मॅट्रिकला 750 पैकी 282 गुण होते. काळ वेगळा, गुण देण्याची रीत वेगळी, हे मी मान्य करतो. तरीही चांगला प्रश्न पडण्याचा आणि गुणपत्रिकेचा इतका घट्ट संबंध जोडू नये असं मला वाटतं. प्रश्न कोणाला पडला आहे, ते मार्गदर्शकाने समोर बसून विचारावं आणि मग ठरवावं.

संयोजकांना माझी एक विनंती आहे. दिल्लीत महाराष्ट्रातून आलेली शेकडो मुलं शिकतात. कुणी इतिहास, कुणी परिचर्या, कुणी भौतिकी. पुढच्या वर्षीच्या मालेतलं एक पुष्प या मुलांना द्या. मोठ्या वक्त्याला बोलावू नका. तीन निबंध ठेवा, प्रत्येकी वीस मिनिटांचे, मराठीत. निबंध एक महिना आधी मागवा आणि प्रत्येकासाठी एक उत्तरदाता नेमा. त्याने तो घरी दोनदा वाचलेला असावा आणि व्यासपीठावर फक्त कौतुक करून खाली बसायचं नाही, हे त्याला आधीच सांगा. निबंध आणि उत्तर, दोन्ही एकत्र छापा. छपाईचा खर्च कसा उभा करायचा ते चहाच्या वेळी बोलू. पहिली वर्गणी माझी धरा.