टाकीत पडलेली अंगठी

आजचा एपिसोड छोटा आहे. कोडिंगचा नाही, पेट्रोलच्या टाकीचा.

दिवाळीला केजजवळ आमच्या गावी गेलो होतो. अण्णा त्यांच्या जुन्या कार्ब्युरेटरवाल्या बाईकमध्ये बाटलीतलं पेट्रोल ओतत होते. नरसाळं धरलेल्या बोटातून अंगठी निसटली आणि टण्ण! सरळ टाकीत. सोन्याची, ऊसतोडीच्या पैशातून केलेली. माझ्या बीटेकच्या फीसाठी दोनदा गहाण पडली आणि दोनदा सुटली, ती हीच.

शेजारचा पोरगा लगेच म्हणाला, "थांब भैय्या, उजेड करतो," आणि खिशातून लायटर काढला! मी ओरडलोच. पेट्रोलची वाफ उणे 40 अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. ती हवेपेक्षा जड, म्हणून खाली साचून राहते. आणि रिकामी होत आलेली टाकी जास्त धोक्याची, कारण आत वाफही असते आणि हवाही.

मग मी हुशारी केली. दोरीला चुंबक बांधून आत सोडलं. ते टाकीच्याच पत्र्याला चिकटून बसलं. अण्णा म्हणाले, "आरं, सोनं कुठं लोहचुंबकाला धरतंय व्हय?" झालं का बीटेक!

शेवटी गाडी ढकलत मेकॅनिककाकांकडे नेली. त्यांनी पाईप सोडून, कॉक उघडून, मोकळ्या जागेत पेट्रोल कॅनमध्ये काढलं. कॉकला आत जाळी असते, त्यामुळे अंगठी तिथून जात नाही. मग सीट काढली, बोल्ट खोलला, टाकी उचलली. टाकीचा तळ मधे उंच असतो, कारण खालून चेसिसचा पाईप जातो. म्हणजे पडलेली वस्तू डावीकडे नाहीतर उजवीकडे जाऊन बसते. काकांनी टाकी हलवून कान लावला. "उजवीकडं हाय." टाकी उलटी करून, तोंड सगळ्यात खाली ठेवून हळूहळू फिरवली. तिसऱ्या झटक्याला अंगठी गोणपाटावर!

तुमची बाईक 1 एप्रिल 2020 नंतरची बीएस-6 असेल, तर बहुतेक पंप टाकीतच असतो. ती घरी उलटीपालटी करू नका, मेकॅनिकलाच दाखवा.

घरी आल्यावर अण्णांनी अंगठीला दोरा गुंडाळला आणि परत बोटात घातली. कोयता सुटल्यापासून त्यांची बोटं किती बारीक झालीत, हे मला त्या दिवशी दिसलं.

तेव्हा मंडळी, पेट्रोल भरताना अंगठी आधी खिशात. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!